दाताचा फोटो कुणाचा?

आपल्याकडे गावोगाव एक्स-रेला अजूनही 'फोटो' म्हणतात. 'डॉक्टरांनी फोटो काढायला सांगितलाय' असं कुणी म्हणालं की ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. मला हा शब्द आवडतो, कारण त्यातून एक साधा प्रश्न आपोआप उभा राहतो. लग्नातला फोटो आपल्या घरी येतो, आल्बममध्ये लागतो. मग दाढेचा फोटो कुणाचा? ज्याची दाढ त्याचा, की ज्याचं यंत्र त्याचा?

प्रश्न किरकोळ वाटेल. पण जगातल्या मोठ्या न्यायालयांनी त्यावर आणि त्याच्या भावंडांवर डोकं खपवलं आहे. आणि माणूस उपचारासाठी देशाची हद्द ओलांडतो तेव्हा हा प्रश्न त्याच्या खिशाला आणि जबड्याला येऊन भिडतो. या फोटोचा एकशेतीस वर्षांचा प्रवास म्हणूनच सांगण्यासारखा आहे.

जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्ग गावात ८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म रोंटगेन यांना आपल्या प्रयोगशाळेत एक अनोळखी किरण सापडला. गणितात अज्ञात राशीला 'क्ष' म्हणतात, म्हणून त्यांनी त्याला 'क्ष-किरण' म्हटलं. डिसेंबरअखेर शोध जाहीर झाला. १९०१ साली भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं, त्याची रक्कम त्यांनी विद्यापीठाला देऊन टाकली. शोधाचं पेटंटही घेतलं नाही. ज्यातून अमाप पैसा मिळाला असता तो किरण त्यांनी जगाला मोकळा करून दिला. या गोष्टीची सुरुवात अशी उदार आहे, हे ध्यानात ठेवू या.

शोध जाहीर झाल्यावर जेमतेम दोन आठवड्यांत, जानेवारी १८९६ मध्ये, ब्राउनश्वाइग इथले दंतवैद्य ओटो वाल्कहोफ यांनी दातांचा पहिला एक्स-रे काढला. छायाचित्रणाच्या काचेचा लहानसा तुकडा काळ्या कागदात आणि रबरात गुंडाळून स्वतःच्याच तोंडात धरला आणि पंचवीस मिनिटं किरणांपुढे बसून राहिले. आज हेच काम सेकंदाच्या काही अंशात होतं. त्या दिवशी दंतवैद्य, रुग्ण आणि फोटोचा मालक एकच होता. त्यामुळे भांडणाचा प्रश्नच नव्हता!

अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहरात एडमंड केल्स नावाच्या दंतवैद्यांनीही १८९६ मध्येच हे तंत्र हाती घेतलं. किरण नीट पडतात का, हे पाहण्यासाठी ते स्वतःचा हात मध्ये धरत. रोज, वर्षानुवर्षं. त्या हाताला कर्करोग झाला. आधी बोटं गेली, मग पंजा, मग हात. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया सोसून १९२८ साली त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. आज दाताच्या एका एक्स-रेची मात्रा अगदीच अल्प असते, त्याला घाबरण्याचं कारण नाही. पण केल्स यांच्यासारख्यांच्या हातांनी वैद्यकाला एक नियम शिकवला, की गरज असेल तरच किरण वापरावा आणि गरजेपुरताच वापरावा. आधीचा चांगला फोटो कपाटात पडून असताना 'तो कोण आणणार, नवीन काढू' म्हणणं या नियमात बसत नाही.

पुढे कोडॅक कंपनीच्या दातांसाठीच्या खास फिल्म आल्या. मग फिनलंडमधले युर्यो पाटेरो यांनी सगळा जबडा एकाच चित्रात दाखवणारं तंत्र विकसित केलं. आज आपण ज्याला 'ओपीजी' म्हणतो, तो याच तंत्राचा वारस. या काळात फोटो म्हणजे एक वस्तू होती. फिल्म एकच, तिची चांगली नक्कल काढणं अवघड. ती डॉक्टरांच्या पैशानं आणलेली, त्यांच्या अंधाऱ्या खोलीत धुतलेली, त्यांच्या पाकिटात ठेवलेली. उद्या कुणी तक्रार केली तर त्यांच्यापाशी तोच पुरावा. त्यामुळे डॉक्टर ती हातची सोडायला तयार नसत, आणि त्यांचंही सर्वस्वी चुकत होतं असं म्हणता येणार नाही.

मग चित्र पालटलं. १९८७ मध्ये फ्रान्समधले फ्रान्सिस मुयाँ यांची फिल्मशिवाय चालणारी पद्धत बाजारात आली. तोंडात फिल्मऐवजी संवेदक ठेवायचा आणि चित्र थेट पडद्यावर पाहायचं. १९९३ पासून 'डायकॉम' नावाची मांडणी रूढ झाली. वैद्यकीय चित्रांची ही जणू सामाईक लिपीच. एका कंपनीच्या यंत्रावर काढलेलं चित्र दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या यंत्रावर जसंच्या तसं उघडावं, रुग्णाचं नाव आणि तारीख त्याच्यासोबतच राहावी, ही त्यामागची कल्पना. आता नक्कल केली तरी मूळ चित्र कुठं जात नाही. म्हणजे फोटो न देण्याचं खरंखुरं कारण संपलं. उरली ती सवय!

इथं कुणी विचारील, एवढा आटापिटा कशाला? चार पैसे टाकून परदेशात नवा फोटो काढता येत नाही का? येतो. पण आजचा काढता येतो, पाच वर्षांपूर्वीचा नाही. हिरड्यांच्या दुखण्यात दाताभोवतीचं हाड झिजतं. ते किती झिजलंय हे आजचा फोटो सांगतो. ते किती वेगानं झिजतंय हे सांगायला जुना फोटो शेजारी लागतो. जबड्यात दिसणारा काळा ठिपका नवा आहे की दहा वर्षं तसाच आहे, रूट कॅनालनंतर मुळाशी असलेली सूज भरत आली की वाढली, हेसुद्धा दोन फोटो जवळजवळ ठेवल्याशिवाय उमजत नाही. जुना फोटो म्हणजे त्या माणसाच्या शरीराचा इतिहास आहे, आणि इतिहास मागे जाऊन पुन्हा काढता येत नाही.

आता हद्द ओलांडणाऱ्या माणसाकडे येऊ. युरोपात ऑस्ट्रियातली माणसं दातांच्या कामासाठी शेजारच्या हंगेरीत जातात, अमेरिकेतली मेक्सिकोच्या हद्दीवरच्या लॉस अल्गोडोनेस या छोट्या गावी जातात. तिथं जिकडेतिकडे दंतवैद्यच. कारण सरळ आहे, तेच काम पलीकडे स्वस्तात होतं. लक्झेंबर्गमधल्या कोल नावाच्या गृहस्थांना आपल्या लहान मुलीचे दात सरळ करून घ्यायचे होते, आणि तेही जर्मनीतल्या ट्रियर या जवळच्या शहरात. विमा संस्थेनं परवानगी नाकारली. काम तातडीचं नाही आणि आपल्या देशातही होऊ शकतं, असं त्यांचं म्हणणं. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं. २८ एप्रिल १९९८ रोजी न्यायालयानं निकाल दिला की अशी पूर्वपरवानगीची अट सेवांच्या मुक्त देवाणघेवाणीच्या आड येते. त्याच दिवशी दुसऱ्या एका लक्झेंबर्गकराचाही असाच निकाल लागला. त्यानं बेल्जियममधून चष्मा विकत घेतला होता. एका मुलीचे वाकडे दात आणि एका माणसाचा चष्मा, एवढ्याशा गोष्टींनी युरोपातल्या रुग्णांसाठी सरहद्दीचं दार किलकिलं केलं.

पण रुग्ण पलीकडे गेला आणि त्याचे कागद अलीकडेच राहिले तर काय उपयोग? ही गोष्ट ध्यानात घेऊन युरोपीय संघानं २०११ मध्ये कायदा केला आणि तो २०१३ च्या ऑक्टोबरपर्यंत अमलात आणायला सदस्य देशांना सांगितलं. त्यात दोन्ही बाजू बांधल्या आहेत. परदेशी जाणाऱ्याला मायदेशातल्या नोंदींची निदान नक्कल मिळाली पाहिजे, आणि जिथं उपचार होतील त्या देशानंही झाल्या उपचारांची नोंद त्याच्या हाती दिली पाहिजे. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा.

या साऱ्याच्या तळाशी असलेला मूळ प्रश्न, फोटो कुणाचा, याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर कॅनडातून आलं. तिथल्या एका बाईनं आपल्या डॉक्टरकडे सगळ्या कागदांच्या नकला मागितल्या. डॉक्टरांनी स्वतः लिहिलेले कागद दिले, पण आधीच्या डॉक्टरांकडून आलेले दिले नाहीत. ते त्या डॉक्टरांचे आहेत, आपण देणं नीतीला धरून नाही, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं. १९९२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की कागद डॉक्टरांचा खरा, पण त्यावरची माहिती डॉक्टरांकडे विश्वासानं सोपवलेली आहे. तिच्यावरचा रुग्णाचा हक्क सुटत नाही, आणि अगदी अपवादाची परिस्थिती नसेल तर त्याला नक्कल द्यायला हवी.

हा निकाल वाचला तेव्हा मला आमच्या घरातला एक शब्द आठवला, 'अमानत'. मराठीत आपण 'ठेव' म्हणतो. पूर्वी हजला निघालेला माणूस दागदागिने भरवशाच्या शेजाऱ्याकडे ठेवून जाई. पेटी शेजाऱ्याची, कुलूप शेजाऱ्याचं, राखणही त्याचीच. म्हणून दागिने काही त्याचे होत नसत. धनी मागेल त्या दिवशी ते परत करायचे, 'कशाला हवेत' असं विचारायचं नाही. अमानतीत खयानत हा मोठा दोष मानला जाई. सात समुद्रांपलीकडच्या न्यायाधीशांनी कायद्याच्या भाषेत जे मांडलं, ते आपल्या गल्लीबोळांतल्या माणसांना केव्हाचं माहीत होतं.

'कशाला हवेत' या प्रश्नाचाही निकाल अलीकडेच लागला, आणि तोही पुन्हा दातांवरूनच. जर्मनीतल्या एका रुग्णाला संशय होता की आपल्या दातांचे उपचार चुकले आहेत. त्यानं दंतवैद्याकडे नोंदींची नक्कल मागितली. दंतवैद्य म्हणाले, खर्च द्या, जर्मन कायदाच तसं सांगतो. प्रकरण वर वर जात युरोपीय न्यायालयापर्यंत पोचलं. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल लागला. पहिली नक्कल विनामूल्य द्यायची आणि रुग्णाला कारण विचारायचं नाही. नक्कल डॉक्टरविरुद्ध दावा लावण्यासाठी हवी असली तरीही!

आपण या बाबतीत मागे आहोत असं कुणी समजू नये. मुंबई उच्च न्यायालयानं १९९६ सालीच बजावलं होतं, की गोपनीयतेचं कारण पुढं करून रुग्णाला किंवा त्याच्या जवळच्या नातलगांना केसपेपरच्या नकला नाकारता येणार नाहीत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी मागणीनंतर ७२ तासांची मुदत घालून दिली. दंत परिषदेच्या २०१४ च्या आचारसंहितेतही तसंच कलम आहे. फक्त एक मेख लक्षात ठेवायला हवी. या नियमांनुसार नोंदी जपण्याचं बंधन किमान तीन वर्षांचं आहे. त्यानंतर कपाट रिकामं झालं तर बोल कुणाला लावणार? म्हणून फोटो त्या त्या वेळीच मागून घरी ठेवावा.

आपल्या कोकणातल्या माणसांना तर हे फारच लागू आहे. घरटी एखादा मुलगा आखाती देशात असतो. तिथं दातांचं काम महाग, म्हणून तो दात दुखत असला तरी गोळ्या खाऊन दिवस काढतो आणि सुट्टीत गावी आला की दवाखाना गाठतो. महिन्याभराच्या रजेत दोन लग्नं, एक घराची दुरुस्ती आणि चार दाढा! पण जबड्यात स्क्रू बसवून त्यावर दात लावायचा तर मध्ये हाड धरायला अनेकदा काही महिने जाऊ द्यावे लागतात. म्हणजे स्क्रू या रजेत आणि दात पुढच्या रजेत. मधल्या काळात तिकडे काही दुखलंखुपलं तर तिथल्या डॉक्टरांना आत काय बसवलंय हे कसं कळणार? माझ्या नात्यातली मुलं मोबाइलवर पडद्याचा फोटो काढून घेऊन जातात. तो न नेण्यापेक्षा बरा, पण त्यात चकाकी येते, बारकावे जातात, बहुतेक वेळा तारीखही नसते.

तेव्हा निघण्यापूर्वी दवाखान्यात एवढंच मागावं. एक्स-रेची मूळ डायकॉम फाइल, तारखेसह. पेन ड्राइव्हवर किंवा ई-मेलनं. केलेल्या कामाची चार ओळींची नोंद. स्क्रू बसवला असेल तर कंपनीचं नाव आणि माप. तिकडे काम झालं तर परतताना हेच सगळं तिथूनही आणावं. मागताना आवाज चढवायची गरज नसते. बहुतेक डॉक्टर हसतमुखानं देतात, त्यांची प्रत त्यांच्याकडे राहतेच. बहुधा मागितलेलंच नसतं, म्हणून दिलेलं नसतं. रोंटगेन यांनी किरण जगाकडून काही न घेता दिला. त्या किरणानं काढलेलं आपल्याच दाढेचं चित्र मागायला आपण संकोच का करावा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)