दामाजीपंतांचे कोठार

आषाढी एकादशीला आमच्या वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराची रांग पार रस्त्यावर येते. या देवळाला प्रति पंढरपूर म्हणतात. रांगेत उभे असताना नातीने विचारले, "आजोबा, विठोबाने खरंच दामाजीपंतांचे पैसे भरले?"

ही गोष्ट मी शाळेत तीस वर्षे सांगितली. बहामनी राजवटीत पंत मंगळवेढ्याला अधिकारी होते. दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून मरू लागली, तेव्हा त्यांनी बादशहाला न विचारता सरकारी कोठार उघडले. त्यांना पकडून बिदरला नेत असताना विठोबा विठू महार होऊन दरबारात गेला आणि धान्याचे पैसे भरून पावती घेऊन आला. महिपतींनी 'भक्तविजया'त (१७६२) ही कथा गायली आणि कीर्तनकारांनी ती गावोगाव नेली.

१६३० सालच्या दुष्काळाचेही असेच. त्यात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. परंपरा सांगते, की पुढे त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. म्हणजे बघा, दुष्काळाच्या आपल्या जुन्या गोष्टी पावसाबद्दल फारशा बोलतच नाहीत. कोठाराची किल्ली कोणाकडे आणि कर्ज कोण सोडतो, एवढेच त्या विचारतात. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) मात्र कोणी दामाजी येत नाही. वाडी ओस पडते, बस.

आम्हा मुंबईकरांना दुष्काळ गोष्टीतलाच. आमच्या वाट्याला पाणी आले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम ७३. त्या रात्री मी शाळेतून कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी निघालो. वाटेत एका चाळीतल्या बाईंनी आत बोलावून चहा आणि कोरडा पंचा दिला. नाव विचारायचे राहून गेले. एका पावसावरून हवामान बदलले असे म्हणता येत नाही, हे खरे. पण मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या भागावर होणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिप्पट झाले, असे शास्त्रज्ञांनी दाखवले आहे. आणि पुराची ही गोष्ट अजून कोणत्याही कीर्तनात आलेली नाही.

नीला माधव पांडा यांच्या 'कडवी हवा' (२०१७) या हिंदी चित्रपटात दुष्काळ आणि समुद्र एकत्र भेटतात. संजय मिश्रा आंधळा म्हातारा झाला आहे. मुलगा कर्जापायी जीव देईल, ही त्याची भीती. कर्ज वसूल करायला येणारा माणूस ओडिशाच्या किनाऱ्यावरचा. त्याच्या घरच्यांना समुद्राची भीती. दोघेही त्याच वाऱ्याने गांजलेले, मध्ये कर्जाची वही. इथे पावती घेऊन येणारा विठू मात्र नाही. पूर्वीचे दुष्काळ आपण आणले नव्हते, आताचा हा ताप माणसानेच जाळलेल्या कोळशा-तेलाचा आहे. उधारी आपली, आणि ती फेडतो तो शेतकरी नाहीतर कोळी.

नातीला मी म्हटले, "पैसे भरले की नाही, मला ठाऊक नाही. पण कोठार उघडताना ते कोण भरणार, हे पंतांनाही ठाऊक नव्हते."

वर्गात मी चमत्कारापाशी गोष्ट संपवत असे, मुले टाळ्या वाजवत. आता वाटते, मी चुकीच्या जागी थांबत होतो. कुलूप उघडले तिथेच मुलांना थांबवून विचारायला हवे होते, की तुम्ही काय केले असते?

असो. तुमच्या घरात दुष्काळाची किंवा पुराची एखादी गोष्ट सांगितली जात असेल, तर लिहून ठेवा. सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.