प्रतिजैविकांना पर्याय : चांदीच्या नॅनोकणांचा पूर्वेतिहास

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंची समस्या जसजशी बिकट होत गेली, तसतसे पर्याय म्हणून चांदीच्या नॅनोकणांचे नाव पुढे येऊ लागले. या विषयावरील लेखनात ते बहुधा नव्या युगाचे अपत्य म्हणून वर्णिले जातात. वस्तुतः हे औषध प्रतिजैविकांच्या नंतरचे नसून आधीचे आहे. आणि त्याचा पूर्वेतिहास विसरला गेल्यामुळेच त्याच्याविषयीच्या अपेक्षा अवास्तव झाल्या आहेत.

लाइपझिग येथील प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी १८८० मध्ये नवजात अर्भकांच्या डोळ्यांत २ टक्के सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालण्यास प्रारंभ केला. परम्याच्या जिवाणूंमुळे होणाऱ्या नेत्रदाहाचे त्यांच्या रुग्णालयातील प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून १ टक्क्याच्याही खाली आले. परंतु हा क्षार स्वतःच दाहक होता. चांदीचे सौम्य रूप गवसले ते वैद्यकाबाहेर. फिलाडेल्फियाचे मॅथ्यू कॅरी ली हे छायाचित्रणाच्या रसायनशास्त्राचे अभ्यासक. त्यांनी १८८९ मध्ये सायट्रेटच्या साहाय्याने चांदीचे कलिल सिद्ध केले. त्यातील कण सुमारे ७ ते ९ नॅनोमीटर व्यासाचे असतात, हे पुढे मोजमापांतून कळले. १८९७ मध्ये कार्ल क्रेडे यांचे शल्यचिकित्सक पुत्र बेन्नो यांनी ‘कोलार्गोल’ हे कलिल रजत उपचारांत आणले. १९०२ चे ‘आर्जिरोल’ तर एवढे खपले की, त्याचे एक निर्माते आल्बर्ट बार्न्स यांनी त्या पैशांतून सेझान, रेन्वार प्रभृतींच्या चित्रांचा विख्यात संग्रह उभारला!

१९४० च्या दशकात पेनिसिलिन आले आणि चांदी मागे पडली. ते योग्यच होते. रक्तातील संसर्गावर पेनिसिलिन जे करू शकत होते, ते चांदीला साधत नव्हते; शिवाय दीर्घ सेवनाने ती शरीरात साचून त्वचा कायमची निळसर-करडी होई. जळिताच्या जखमांवर मात्र तिचे पुनरागमन झाले : १९६५ मध्ये मॉयर यांचे ०.५ टक्के सिल्व्हर नायट्रेट आणि १९६८ मध्ये फॉक्स यांचे सिल्व्हर सल्फाडायझीन.

येथेच खरा प्रश्न उद्भवतो. चांदी जिवाणूवर एकाच वेळी अनेक ठिकाणी आघात करते, म्हणून तिच्याविरुद्ध प्रतिरोध निर्माण होणार नाही, असा युक्तिवाद आजही केला जातो. १९७५ मध्येच बोस्टनच्या एका जळीत-कक्षातून सिल्व्हर नायट्रेटला न जुमानणाऱ्या साल्मोनेलाची नोंद झाली होती. त्याची जनुके १९९९ मध्ये उलगडली. चांदीचे आयन पेशीबाहेर फेकणारी ही यंत्रणा ज्या प्लाझ्मिडवर होती, त्याच प्लाझ्मिडवर अनेक प्रतिजैविकांविरुद्धचा प्रतिरोधही होता. म्हणजे एकाचा वापर दुसऱ्याविरुद्धच्या प्रतिरोधालाही पोसू शकतो. अशा स्थितीत ‘पर्याय’ हा शब्द जपूनच वापरावा लागतो.

नॅनोकणांपुरता हा प्रश्न २०१८ मध्ये पुन्हा पुढे आला. चांदीच्या नॅनोकणांच्या वारंवार संपर्कात ठेवलेले ई. कोलाय आणि स्युडोमोनास हे जिवाणू जनुकीय बदलाविनाच त्यांना दाद देईनासे झाले. त्यांनी स्रवलेल्या फ्लॅजेलिन या प्रथिनामुळे कण एकमेकांना चिकटून निष्प्रभ होत. डाळिंबाच्या सालीच्या अर्काने फ्लॅजेलिनची निर्मिती रोखली, तेव्हा तो प्रतिरोध ओसरला.