ऑटरबर्नची जळालेली गाडी

मंडळी, आज एक जुनी, न सुटलेली केस.

जागा इंग्लंडचं उत्तर टोक, स्कॉटलंडला लागून असलेली नॉर्थंबरलंड काउंटी. मैलोन् मैल माळरान, त्यात ऑटरबर्न नावाचं खेडं. तिथे जोसेफ फॉस्टर यांचं गॅरेज होतं, बसगाड्या होत्या. त्यांची मुलगी एव्हलिन धंद्यातली टॅक्सी चालवायची. वय तिशीच्या आत. त्या काळी बाईने टॅक्सी चालवणं म्हणजे तिकडेही नवलच.

६ जानेवारी १९३१ च्या संध्याकाळी ती प्रवासी सोडून परत येत असताना एका अनोळखी माणसाने तिला गाठलं. त्याला पाँटलंडला जाऊन न्यूकॅसलची बस पकडायची होती. एव्हलिन घरी आली, पेट्रोल भरलं, घरच्यांना सांगितलं आणि निघाली. रात्री दहाच्या सुमारास फॉस्टरांच्याच बसच्या ड्रायव्हरला वुल्फ्स निक या जागी, रस्त्याखालच्या माळावर धुमसणारी गाडी दिसली. जवळच एव्हलिन पडली होती, भयंकर भाजलेली.

घरी आणल्यावर ती बोलली. बेल्से गावाशी त्या माणसाने गाडी मागे फिरवायला लावली, मारहाण केली, स्टिअरिंग स्वतःकडे घेतलं. वुल्फ्स निकला थांबून काहीतरी ओतलं आणि पेटवून दिलं. त्याच्या डोक्यावर बोलर हॅट होती, हेही तिने सांगितलं. ती वाचली नाही.

आता थिअरी नंबर एक, जी पोलिसांना पटली: असा कुणी माणूस नव्हताच! त्याला तिच्यासोबत पाहणारा कुणी सापडेना. तिने सांगितलेल्या मारहाणीच्या खुणा शवविच्छेदनात मिळाल्या नाहीत. गाडीचा विमा होता. म्हणजे विम्यासाठी गाडी पेटवायला गेली आणि स्वतःच भाजली, झालं. शिवाय दोनच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर १९३० मध्ये, नॉर्थहॅम्प्टनजवळ आल्फ्रेड राउसने लिफ्ट दिलेल्या माणसाला आपल्याच गाडीत जाळलं होतं. पेपर त्या बातम्यांनी भरलेले. तेव्हा कल्पना तिथून सुचली असेल, असंही म्हणता येतं.

ऐकायला लॉजिकल वाटतं. पण जरा तपासून बघू. एव्हलिनकडे स्वतःची बचत होती, ती काही कर्जात बुडालेली नव्हती. दुसरं, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते. आणि पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे ४० अंशांच्या आसपास, म्हणजे थंडीच्या रात्रीसुद्धा ठिणगी पुरते. गॅरेजमध्ये वाढलेल्या मुलीला हे पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. जाणकारांच्या हातूनही अपघात होतात, मान्य. पण भाजल्याच्या खुणांवरून पेट घेताना ती बसलेली असावी, असं वैद्यकीय साक्षीत आलं. स्वतः आत बसून कोण गाडी पेटवतं?

थिअरी नंबर दोन मात्र एकदम फिल्मी. सप्टेंबर १९३३ मध्ये यॉर्कशरमध्ये अर्नेस्ट ब्राउन नावाच्या घोड्यांच्या मोतद्दाराने मालकाला गोळी घातली आणि प्रेत गाडीत ठेवून गॅरेज पेटवून दिलं. फेब्रुवारी १९३४ मध्ये त्याला फाशी झाली. शेवटच्या क्षणी पाद्रीने कबुलीबद्दल विचारलं तेव्हा तो काहीतरी पुटपुटला. काहींच्या मते ‘ऑट टू बर्न’, म्हणजे ‘जळायलाच हवं’. काहींच्या मते ‘ऑटरबर्न’! अंगावर काटा येतो खरा. पण एका पुटपुटलेल्या शब्दावर खुनाचा आरोप ठेवायचा म्हणजे अतीच झालं. दोन्हीकडे आग आणि गाडी आहे, एवढ्याने माणूस एकच ठरत नाही.

मला स्वतःला या केसमध्ये खुनी कोण यापेक्षा दुसरीच गोष्ट जास्त टोचते. फेब्रुवारी १९३१ मध्ये कॉरोनरच्या ज्युरीने सगळं ऐकून निकाल दिला: अज्ञात व्यक्तीने केलेला खून. त्यानंतरही काउंटीचे चीफ कॉन्स्टेबल फुलार्टन जेम्स यांनी जाहीर सांगितलं की तो माणूस अस्तित्वातच नव्हता. म्हणजे मेलेली मुलगी खोटारडी, वर विम्याची चोर. आणि उलट उत्तर द्यायला ती नाही. आई-बापाने काय करायचं?

आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. लॉगमध्ये काही सापडत नाही, बग पुन्हा घडवता येत नाही, मग तिकिटावर ‘युजरची चूक’ लिहून बंद करायचं. ‘आम्हाला सापडला नाही’ आणि ‘तो नव्हताच’ यात फरक आहे. अंधाऱ्या रात्री, उजाड माळावरून एक माणूस चालत निघून गेला तर त्याला पाहणार कोण?

एव्हलिनची गोष्ट शंभर टक्के खरी, असं माझं म्हणणं नाही. मारहाणीच्या खुणा नव्हत्या हे अडचणीचं आहेच. पण मरणाच्या दारातल्या बाईला खोटं ठरवायला निदान पुरावा तरी लागतो. तो पोलिसांनी कधीच दिला नाही.

म्हणून माझं मत ज्युरीच्या बाजूने. तुमची थिअरी वेगळी असेल तर जरूर मांडा, फक्त त्यात ती गाडीत का बसली होती याचं उत्तर हवं.