हेर, गुंड आणि महायुद्ध : कादंबरीतील व दप्तरातील

दुसऱ्या महायुद्धावरील रहस्यकथांत एक कथासूत्र वारंवार आढळते. देशावर संकट येते, हेरखाते हतबल होते आणि तुरुंगातील एखाद्या नामचीन गुंडाचे साहाय्य मागते. तो गुंडही अखेरीस देशभक्त ठरतो. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार व काळापहाड यांच्या सहवासात वाढलेल्या मराठी वाचकाला कायद्याच्या चौकटीबाहेरचा नायक अपरिचित नाही. त्यामुळे हे सूत्र निव्वळ कल्पनेची भरारी आहे, असे त्यास वाटल्यास नवल नाही. परंतु या कल्पनेशी इतिहासाचा संबंध मोठा विलक्षण आहे.

जानेवारी १९४२ मध्ये 'ऑल थ्रू द नाइट' हा अमेरिकन चित्रपट प्रदर्शित झाला. न्यूयॉर्क बंदरातील युद्धनौका उडवून देण्याचा नाझी हस्तकांचा कट एक जुगारी टोळीप्रमुख उधळून लावतो, असे त्याचे कथानक; ही भूमिका हम्फ्री बोगार्टने केली होती. त्यानंतर काही आठवड्यांतच, ९ फेब्रुवारी रोजी, त्याच बंदरात 'नॉर्मंडी' हे प्रचंड फ्रेंच जहाज पेटले. सैन्याच्या वाहतुकीसाठी त्याचे रूपांतर चालू होते. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी जीवरक्षक जाकिटांच्या ढिगाला आग लागली, असे चौकशीत आढळले. लोकांच्या मनातील घातपाताचा संशय मात्र फिटला नाही. अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्या जहाजे बुडवीत होत्या आणि गोदीत शत्रूचे हस्तक असावेत, ही धास्ती नौदलाला होती.

गोदीवर खरी सत्ता गुंडांची होती. म्हणून नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे अधिकारी चार्ल्स हॅफेनडेन यांनी प्रथम मासळीबाजारावर हुकमत असलेल्या जोसेफ लान्झाला गाठले. पुढे मायर लॅन्स्कीच्या मध्यस्थीने चार्ल्स 'लकी' लुचियानोशी संधान बांधण्यात आले. वेश्याव्यवसायाच्या गुन्ह्यांबद्दल १९३६ मध्ये त्याला ३० ते ५० वर्षांची शिक्षा झाली होती. मे १९४२ मध्ये त्याला दूरच्या तुरुंगातून न्यूयॉर्कला अधिक जवळच्या तुरुंगात हलविण्यात आले. त्याचा शब्द गेल्यावर कोळी, हमाल व संघटनांचे पुढारी नौदलाला माहिती पुरवू लागले.

जानेवारी १९४६ मध्ये गव्हर्नर थॉमस ड्यूई यांनी त्याची शिक्षा कमी केली आणि त्याला इटलीला धाडण्यात आले. सरकारी वकील या नात्याने त्याला शिक्षा मिळवून देणारेही ड्यूईच होते! साहजिकच लाचखोरीचे आरोप झाले. १९५४ मध्ये विल्यम हरलँड्स यांनी चौकशी केली. नौदलाने लुचियानोचे सहकार्य मिळविले होते, हे तीत सिद्ध झाले. मात्र नौदलाच्या आग्रहामुळे अहवाल दडविला गेला. रॉडनी कॅम्पबेल यांच्या ग्रंथाद्वारे तो १९७७ मध्ये लोकांपुढे आला.

मधली तेवीस वर्षे आख्यायिकांना मोकळे रान मिळाले. सिसिलीवरील स्वारीत लुचियानोच्या नावाच्या आद्याक्षराचे रुमाल विमानातून टाकले गेले, अशी कथा पसरली. अहवाल उघड झाल्यावरही कल्पनेचा ओघ आटला नाही. जॅक हिगिन्स यांच्या 'लुचियानोज लक' (१९८१) या कादंबरीत तर तो स्वतः १९४३ च्या सिसिलीत उतरतो. वास्तवात तो तेव्हा न्यूयॉर्क राज्यातील तुरुंगातच होता.

कादंबरीकाराला हे स्वातंत्र्य असतेच. पण कथा जेथे संपते तेथून पुढे इतिहासाला हिशेब द्यावा लागतो. १९४३ मध्ये दोस्तांच्या लष्करी प्रशासनाने व्हिल्लाल्बा गावाचे नगराध्यक्षपद कालोजेरो व्हित्सिनी या माफिया म्होरक्याला दिले. मुसोलिनीच्या राजवटीत दबलेल्या माफियाने युद्धोत्तर सिसिलीत पुन्हा डोके वर काढले, आणि त्याची किंमत तेथील शेतकऱ्यांनी व कामगार पुढाऱ्यांनी आपल्या प्राणांनी मोजली. गुंडाची देशभक्ती रंगविणाऱ्या कथांत या माणसांना क्वचितच स्थान मिळते.

२६ जानेवारी १९६२ रोजी नेपल्सच्या विमानतळावर लुचियानो हृदयविकाराने मरण पावला. आपल्या आयुष्यावरील चित्रपटासंबंधी एका निर्मात्याला भेटण्यास तो तेथे गेला होता. दप्तर बंद असले की कल्पितच इतिहासाच्या आसनावर बसते. ग्रंथालयात कादंबरी आणि इतिहास यांची कपाटे वेगळी असतात. एका कपाटातील पुस्तक मिटल्यावर दुसऱ्याकडे वळणारा वाचकच त्या दोहोंना न्याय देतो.