बुटांच्या खोक्यातली शिदोरी

बापूमामा शिकागोहून पहिल्यांदा घरी आला, ते साल बहात्तरच्या दुष्काळाचं. कराडला आजोळी रेशनवर अमेरिकेतली लाल मिलो यायची. तिच्या भाकरी थापताना आजी वैतागून जायची, आणि त्याच अमेरिकेतून आलेला तिचा लेक ओसरीवर बसून गोष्टी सांगायचा. मी तेव्हा परकर-पोलक्यातली. निम्मं कळायचं नाही. काही पुढे आईकडून ऐकलं, काही खुद्द मामाकडून. कुठला तुकडा कुठला, हे आता वेगळं काढता येत नाही. पण त्याच्या घरमालकीणबाई मात्र मला डोळ्यांनी पाहिल्यासारख्या आठवतात.

अमेरिकेने 1965 मध्ये कायदा बदलला आणि आपल्याकडच्या शिकलेल्या मुलांना तिकडची दारं उघडली. मामा त्याच्या पुढच्याच वर्षी इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत केमिकल इंजिनियरिंगला गेला. कॉलेज शिकागोच्या दक्षिण भागात, ब्रॉन्झव्हिल या काळ्या लोकांच्या वस्तीला लागून. तिथेच एका साठी ओलांडलेल्या काळ्या बाईंकडे त्याला खोली मिळाली. पोरगा मांस खात नाही म्हटल्यावर त्या डुकराचा तुकडा टाकण्याआधीच त्याच्या वाटणीची पालेभाजी बाजूला काढून ठेवत. नववर्षाच्या दिवशी त्यांच्याकडे चवळी शिजायची, सोबत मक्याची खरपूस भाकर. आजीने पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा हात थांबवून विचारलं होतं, "तिच्या हातचं खातोस?" मामा म्हणाला, "रोज."

मग त्याने खोक्याची गोष्ट सांगितली. बाई मूळच्या मिसिसिपीच्या. लहानपणी, पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत, आईवडिलांबरोबर इलिनॉय सेंट्रलच्या गाडीने शिकागोला आल्या. तेव्हापासून 1970 पर्यंत असे साठ लाखांच्या आसपास काळे लोक दक्षिण सोडून निघाले. आगगाडीत त्यांचा डबा वेगळा, आणि जेवणाच्या डब्यात त्यांना वाढायचे नाहीत. वाटेतल्या हॉटेलांतही तेच. म्हणून आईने बुटांच्या रिकाम्या खोक्यात कागद घालून शिदोरी बांधली होती: तळलेली कोंबडी, उकडलेली अंडी, केकचा जाड तुकडा. खोकं अशासाठी की रिकामं झालं की टाकून देता येतं. "म्हणजे आपल्या दशम्याच की रे," आजी म्हणाली, आणि जरा वेळाने, "पण आपल्याला वाटेत कुणी चहा द्यायचं नाकारत नाही." मामा परत निघाला तेव्हा तिने शेंगदाण्याच्या चटणीचा एक पुडा वेगळा बांधला, त्या बाईंसाठी.

ओसरीच्या पायरीखाली, अंगणात, आमच्या रानात काम करणारे एक म्हातारे बाबा बसलेले असायचे. गावच्या हॉटेलात त्यांची कपबशी बाहेरच्या कोनाड्यात असायची, हे आम्हा पोरांनाही माहीत होतं. त्यांच्याकडे पुन्हा येते.

शिकागोत आल्यावर बाईंच्या वडिलांना कत्तलखान्यांच्या यार्डात काम मिळालं. 27 जुलै 1919 ला, उन्हाळ्याच्या तलखीत, यूजीन विल्यम्स नावाचा सतरा वर्षांचा काळा मुलगा मिशिगन तळ्यात तराफ्यावर खेळत होता. 29 व्या रस्त्याजवळ पाण्यात गोऱ्यांची हद्द कुठे सुरू होते हे सगळे धरून चालत. फळी नाही, दोर नाही. तराफा वाहत पलीकडे गेला. किनाऱ्यावरून एका गोऱ्याने दगड मारले आणि मुलगा बुडाला. जमलेल्या लोकांनी दगड मारणारा दाखवून दिला, तरी तिथल्या गोऱ्या पोलिसाने त्याला धरलं नाही. त्यातून पेटलेल्या दंगलीत 38 माणसं मेली, त्यांतली 23 काळी, आणि हजारेक काळी कुटुंबं बेघर झाली. बाई त्या आठवड्यात पलंगाखाली झोपायच्या. मारणाऱ्यापेक्षा तो पोलीस त्यांच्या मनात जास्त राहिला, असं मामा सांगायचा.

मोठ्या झाल्यावर त्या शिकागो युनिव्हर्सिटीजवळच्या हाइड पार्कमध्ये एका गोऱ्या घरात स्वयंपाकाला होत्या, तिथेच मागच्या खोलीत निजायच्या. त्या भागातल्या घरांच्या खरेदीखतांत कलम असायचं: गोऱ्यांखेरीज कुणी इथे राहू नये. पुढे अपवादही लिहिलेला असे, घरकामाच्या नोकरांचा. म्हणजे चुलीपाशी राहायला मुभा, भाडं भरून राहायला बंदी. सुप्रीम कोर्टाने 1948 मध्ये, सेंट लुइसच्या शेली कुटुंबाच्या खटल्यात, अशी कलमं कोर्टामार्फत अमलात आणता येणार नाहीत असं ठरवलं. पण कोर्टाने हात काढला तरी शेजाऱ्यांनी काढला नाही. मामा केमिस्ट्रीचा माणूस, त्यामुळे पर्सी ज्युलियन यांचं नाव घेताना त्याचा आवाज बदलायचा. काचबिंदूवरचं औषध प्रयोगशाळेत बनवणारे, सोयाबीनपासून हार्मोन्स काढणारे एवढे मोठे शास्त्रज्ञ, पण काळे. 1950 मध्ये त्यांनी शिकागोजवळच्या ओक पार्कला घर घेतलं, तर राहायला जाण्याआधीच ते जाळायचा प्रयत्न झाला, आणि पुढच्या वर्षी डायनामाइट फेकलं गेलं.

पण मामाला सगळ्यात जास्त टोचायची ती बाईंच्या धाकट्या भावाची गोष्ट. ती तो थांबत थांबत सांगे. मंदीच्या काळात सरकारी हाउस लोनवाल्यांनी शहरांचे नकाशे रंगवले, आणि काळ्यांच्या वस्त्या लाल रंगात गेल्या, म्हणजे धोक्याच्या. 1934 नंतर फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन बँकांच्या कर्जाला हमी देऊ लागलं, पण अशा वस्त्यांना नाही. हमी नाही म्हणून कर्ज नाही. मग दलाल पुढे आले. काळे येताहेत अशी भीती घालून गोऱ्यांची घरं ते पडत्या भावाने घ्यायचे आणि दुपटीने काळ्या कुटुंबांना हप्त्यांवर विकायचे. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर दलालाच्या नावावर. एक जरी हप्ता चुकला तरी घर गेलं, आणि भरलेले सगळे पैसेही गेले. भावाने शिकागोतल्याच लॉन्डेल वस्तीत असंच घर घेतलं होतं. दोन पाळ्या करायचा. एका हिवाळ्यात आजारी पडला आणि घर गेलं. त्याच लॉन्डेलमध्ये 1966 साली मार्टिन ल्युथर किंग भाड्याच्या घरात येऊन राहिले होते. त्या उन्हाळ्यात मार्क्वेट पार्कच्या मोर्चात त्यांच्या डोक्याला दगड लागला.

1968 पासून लॉन्डेलच्या लोकांनी संघटना बांधली आणि हप्ते रोखले. शेरीफची माणसं यायची, सामान फुटपाथवर काढायची. ती गेली की शेजारी जमायचे आणि पलंग, टेबल, भांडीकुंडी उचलून पुन्हा आत लावायचे. मामाने एकदा शिलाईमशीन उचललं होतं, की त्याच्या मित्राने, हे मला नक्की आठवत नाही.

4 डिसेंबर 1969 च्या पहाटे शिकागोच्या पोलिसांनी ब्लॅक पँथरचा तरुण पुढारी फ्रेड हॅम्प्टन याला त्याच्या बिछान्यात मारलं. वय एकवीस. वस्तीतल्या पोरांना शाळेआधी नाश्ता देण्याचं काम त्याची संघटना करत होती. ऐंशीहून अधिक गोळ्या पोलिसांच्या. आतून सुटलेली एकच, असं पुढे चौकशीत निघालं. पोलिसांनी घराला कुलूप घातलं नाही, म्हणून पँथर्सनी लोकांना आत नेऊन भोकं पडलेल्या भिंती दाखवल्या. त्या रांगेत कडाक्याच्या थंडीत मालकीणबाई उभ्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर मामा.

आमच्या ओसरीवर हे सांगून झाल्यावर कुणी बोललं नाही. मग अंगणातले बाबा म्हणाले, "तितं समदं कागदावर लिवून करत्यात व्हय, बापूसायेब? हितं तर कागूदबी लागत न्हाई." मामा त्यानंतर त्या रात्री काही बोलला नाही. महात्मा फुल्यांचं मूळ गाव आमच्याच जिल्ह्यातलं कटगुण. गुलामगिरी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतल्या माणसांना त्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली, हे त्या ओसरीवर बसलेल्या शिकलेल्यांना ठाऊक असायला हवं होतं. मामा आला त्याच वर्षी मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले ही पोरं दलित पँथर उभी करत होती. नाव घेतलं ते शिकागोत मारल्या गेलेल्या पोराच्या संघटनेवरून.

पुढे मामाने पश्चिमेच्या उपनगरात घर घेतलं. किंगच्या खुनानंतर आठवड्याभरात, एप्रिल 1968 मध्ये, घर विकताना वंशभेद करायला बंदी घालणारा कायदा झाला होता, म्हणून ते मिळालं. तरी जुन्या खरेदीखतात कलम तसंच छापलेलं: कॉकेशियन वंशाखेरीज कुणाला विकू नये. मी लग्न होऊन इकडे अमेरिकेत आले तेव्हा मामाने ते पान काढून माझ्यासमोर धरलं. "हे आपल्यालाही लागू होतं. काढायला आपण बोट हलवलेलं नाही. ज्यांनी काढलं त्यांची घरं गेली." इथल्या मराठी मंडळाच्या जेवणावळीत जेव्हा कुणी म्हणतं, आम्ही रिकाम्या हाताने आलो आणि कष्टाने वर आलो, मग 'त्यांना' काय झालं, तेव्हा मला ते पान आठवतं आणि मी भांडते. लॉन्डेलच्या माणसाने दोन पाळ्या केल्या होत्या. त्याहून जास्त कष्ट म्हणजे काय?

2021 मध्ये शिकागोला लागून असलेल्या एव्हन्स्टनने, 1919 ते 1969 या काळात तिथे राहिलेल्या काळ्या रहिवाशांना आणि त्यांच्या वारसांना घरासाठी 25,000 डॉलर द्यायचं ठरवलं. मी बातमी मामाला वाचून दाखवली. त्याने आकडा दोनदा विचारला. मग म्हणाला, "एव्हन्स्टनने केलं ते चांगलंच. पण बाईंचा भाऊ लॉन्डेलचा, आणि लॉन्डेल शिकागोत येतं. शिकागो कधी देणार?"