मुंबईचा कापूस आणि शेअर्सची खुंटी

शेअर घेण्याआधी कंपनी कुठल्या खणात बसते ते बघावं, असं मी मित्रांना नेहमी सांगतो. पीटर लिंचने 'वन अप ऑन वॉल स्ट्रीट' (१९८९) मध्ये असे सहा खण केलेत: सावकाश वाढणाऱ्या, दणकट, झपाट्याने वाढणाऱ्या, सायक्लिकल, गाळातून वर येणाऱ्या आणि मालमत्ता दडलेल्या. पण हे खण कशासाठी, ते कळायला अमेरिकेत जायला नको. आपली मुंबई पुरे!

तर झालं असं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला. मग त्यांनी मोर्चा मुंबईकडे वळवला. भाव कुठल्या कुठे गेले. आलेल्या पैशाला जागा हवी म्हणून नव्या बँका, फायनान्स कंपन्या, समुद्रात भर घालणाऱ्या कंपन्या निघाल्या. या सगळ्याच्या मध्यभागी प्रेमचंद रायचंद. बॅकबे रेक्लमेशनचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,००० च्या घरात पोचला.

आता ही मंडळी एक्सेलमध्ये टाकू. कॉलम एकच: पैसा येतो कुठून?

कापसाचा व्यापारी: कापसाच्या भावातून. म्हणजे चक्क सायक्लिकल.

कापडगिरणी (मुंबईतली पहिली कंपनी १८५४ ची): इथे कापूस हा कच्चा माल. भाव चढला की हिचा खर्च वाढतो. हिचं गणित बरोबर उलटं.

फायनान्स कंपनी: शेअर तारण ठेवून कर्ज देणार. म्हणजे शेअर्सचे भाव चढे आहेत तोवरच ठीक.

रेक्लमेशन: जमीन अजून पाण्याखाली. ती पुढे चढ्या दराने घेणार कोण? कापसात कमावलेलेच लोक!

बघा, चारांपैकी तीन ओळी एकाच खुंटीला टांगलेल्या. पाच कंपन्यांत पैसे विभागले म्हणून निर्धास्त असलेल्या माणसाने खरं तर एकच गोष्ट पाचदा विकत घेतली होती.

९ एप्रिल १८६५ ला जनरल लीने शरणागती पत्करली. कापूस कोसळला. वायद्यांचे हिशोब चुकते करायचा दिवस होता १ जुलै. कितीतरी पेढ्या बुडाल्या. शेअर्सवर कर्जं वाटणारी बँक ऑफ बॉम्बेसुद्धा वाचली नाही, १८६८ मध्ये तिच्या जागी नवी बँक काढावी लागली.

युद्ध कधी संपेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं, मान्य. पण संपलं की कुठल्या ओळी एकदम लाल होतील, हे १८६४ मध्येही कागदावर मांडता आलं असतं. त्याला भविष्य कळावं लागत नाही.

आता जरा आपलं डीमॅट उघडा. चार आयटी कंपन्या, एखादी त्यांनाच कर्मचारी पुरवणारी, एखादा आयटी पार्कशेजारी घरं बांधणारा बिल्डर... आणि महिन्याचा पगार? तोही आयटीतूनच. खुंट्या किती, ते तुम्हीच मोजा.