पाच डॉलरची गोष्ट

मंडळी, ॲट्रिशन हा काही आपल्या आयटीवाल्यांचा शोध नाही. १९१३ साली डेट्रॉइटजवळच्या हायलँड पार्कमध्ये फोर्डला साधारण १४,००० कामगारांचा कारखाना चालता ठेवायला वर्षभरात ५२,००० हून जास्त माणसं भरावी लागली. म्हणजे ३७० टक्के ॲट्रिशन! त्याच वर्षी असेंब्ली लाइन आली होती. दिवसभर तोच नट, तोच बोल्ट... लोक वैतागून निघून जायचे.

५ जानेवारी १९१४ ला फोर्डने जाहीर केलं, रोज अडीच डॉलरच्या आतबाहेर मिळायचे ते आता पाच मिळतील, आणि काम नऊऐवजी आठ तास. पुढच्याच आठवड्यात गेटवर एवढी झुंबड उडाली की कडाक्याच्या थंडीत पाण्याचे फवारे मारून गर्दी हटवावी लागली.

अटी मात्र होत्या. वाढीव रक्कम 'नफ्यातला वाटा' म्हणून. त्यासाठी सहा महिने नोकरी झालेली हवी आणि वय २२ च्या पुढे. त्याखालच्या पोरांना, घर त्यांच्यावर चालत असेल तरच. वर कंपनीची माणसं घरी येऊन बघणार, हा दारू पितो का, पैसे साठवतो का. थोडक्यात, स्वस्त पोरं नकोत, टिकणारी संसारी माणसं हवीत.

१९१५ पर्यंत ॲट्रिशन १६ टक्क्यांवर आलं. खर्च कमी करायचा आपला हा एक उत्तम उपाय होता, असं फोर्डने पुढे लिहिलं.

गंमत पुढे आहे. १९८७ मध्ये रॅफ आणि समर्स या अर्थतज्ज्ञांनी हिशोब मांडला, तर भरतीचा वाचलेला खर्च पगारवाढीपुढे किरकोळ निघाला. लाइनवरचं काम नवखा चटकन शिकायचा ना! खरा फायदा उत्पादकतेचा होता. अशी नोकरी हातची जाऊ नये म्हणून माणसं मन लावून काम करू लागली.

आता आपलं बघा. खाली फ्रेशर्सची फौज, वर मोजके अनुभवी, की सरासरी पगार आटोक्यात. एक्सेलमध्ये पिरॅमिड छान दिसतो. पण आपल्याकडे नवखा दोन दिवसांत तयार होत नाही. जुन्या मॉड्यूलमधली ती विचित्र इफ कंडिशन का आहे, हे चाळिशीतल्या कुणाच्या तरी डोक्यात असतं. 'महाग' म्हणून त्याला काढलं की चार जण आठवडाभर लॉग चाळत बसतात.

फोर्ड काही संत नव्हता. पण त्याने माणशी पगार नाही, गाडीमागे खर्च मोजला. आपल्या शीटमध्ये तो कॉलम कुठे आहे?